सतराव्या ओळीतलं घर

सोमवार, सकाळचे पाच चाळीस. वडगावच्या विणकर गल्लीत यमनाप्पा कामकर ग्राफचा कागद पसरून बसलेत. कागदाच्या चार कोपऱ्यांवर चार लोखंडी वजनं, डोळ्यांवर चष्मा, चष्म्यापुढे भिंग. लाल स्केचपेनने ते एकेक घर भरतायत. टेबल म्हणजे जुन्या दाराची फळी आहे. शेजारी शामूचे सहा माग साडेसहाला सुरू होतात, मग ही फळी थरथरते आणि रेघ घरात राहत नाही. म्हणून ग्राफचं काम साडेसहाच्या आत उरकायचं. हा नेम अडतीस वर्षांचा आहे.

यमनाप्पांचं वय त्रेसष्ट. ते साडीच्या काठाचे ग्राफ काढतात. चौकटीच्या कागदावर उभा रकाना म्हणजे ताण्याचा एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक. भरलेलं घर म्हणजे तो धागा वर उचलायचा. ग्राफ बघून पुठ्ठ्याचे भोकांचे पत्ते पाडतात, पत्ते मागावर चढतात आणि काठावर मोर, रुद्राक्ष, जे काढलं असेल ते उमटतं. शहापूर-वडगावात आता बहुतेक ग्राफ संगणकावर निघतात. हातानं काढणारे यमनाप्पांच्या माहितीत तिघं उरलेत आणि त्यातल्या एकाचा हात थरथरतो.

साडीवर विणणाऱ्याचं नाव नसतं, मग ग्राफ काढणाऱ्याचं कुठून असणार? नवा काठ बाजारात गेला की आठ दिवसांत दुसऱ्या गल्लीत तसाच निघतो. त्यावर यमनाप्पांच्या घरात वडिलांपासून चालत आलेली एक पद्धत आहे. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक ग्राफात एक घर मुद्दाम चुकवायचं. भरायचं ते रिकामं सोडायचं, किंवा रिकामं ते भरायचं. पत्ते पाडताना मागमालकाला तेवढं तोंडी सांगायचं, म्हणजे त्याचा पत्ता बरोबर पडतो. ज्यानं ग्राफ चोरून उतरवला त्याच्या काठावर ती चूक पुन्हा पुन्हा विणली जाते. गिऱ्हाईकाला ती दिसत नाही, यमनाप्पांना दिसते. त्या घराला ते चोरघर म्हणतात. आजवर सात साड्या त्यांनी अशा ओळखल्या, भांडण एकाशीच केलं. पण अमुक काठ आपला, हे सांगायला त्यांच्याजवळ दुसरा कुठलाही पुरावा नाही.

तो पुरावा गेल्या महिन्यात धोक्यात आला.

त्यांची सून भाग्यलक्ष्मी एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवते. ऑक्टोबरच्या शेवटी शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं सगळ्यांना ‘पाठओसरी’ नावाच्या एका संकेतस्थळावर खातं काढायला सांगितलं. शिक्षकांनी तिथं आपले पाठ, चित्रं, स्वाध्याय ठेवायचे. कुणीही ते उतरवून घ्यावेत, वर्गात वापरावेत, हवे तसे बदलावेत. फी नाही. प्रत्येकानं निदान तीन पाठ द्यायचे. भाग्यलक्ष्मीच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा सासऱ्यांचे ग्राफ आले. आरशातली प्रतिमा हा धडा आठवीच्या मुलांना फळ्यावर कधीच नीट कळला नव्हता. एकदा तिनं घरातला एक जुना ग्राफ वर्गात नेला आणि मधोमध घडी घालून दाखवली, तेव्हा कळला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी ती मोबाईल घेऊन फळीपाशी बसली.

“फुकट?” यमनाप्पांनी विचारलं.

“फुकट, आप्पा.”

“मग त्येंचं पोट कशावर चालतंय?”

“संस्था हाय. देणग्यांवर चालती म्हणं.”

“देणगी देणारा काय बघून देतोय?”

भाग्यलक्ष्मीनं नंबर भरला. ओटीपी आला. तिनं तो चौकटीत घातला तसे यमनाप्पा ताठ बसले.

“ती बँकेची बाई रोज फोनवर सांगतीया, ओटीपी कुणाला देऊ नका. आणि तू सरळ घालतीस?”

“त्येंनीच पाठवलाय, आप्पा. त्येंचा त्येंनाच परत द्यायचा.”

“आपलाच आपण परत मागत्यात म्हंजे ह्येंना कुणाचा तरी संशय हाय. मग आमीच का धरायचा न्हाय?”

पुढच्या पानावर राज्य आणि माध्यम विचारलं होतं. भाग्यलक्ष्मीनं राज्य कर्नाटक आणि माध्यम मराठी निवडलं. हे दोन शब्द एका फॉर्मवर आले की या सीमाभागात कुठंतरी अडतं, निदान खिडकीतला माणूस मान वर करून बघतो. पाठओसरीनं काही न विचारता हिरवी खूण दाखवली. यमनाप्पांचा संशय इथं पक्का झाला.

“हितंबी अडलं न्हाय? मग हे कुणी वाचतच न्हाय बघ. नुस्तं गोळा करत्यात.”

पाठ कोणत्या अटींवर द्यायचा तेही निवडायचं होतं. भाग्यलक्ष्मीनं जी अट निवडली तिच्यात मूळ कर्त्याचं नाव ठेवणं बंधनकारक होतं, बदल करायला परवानगी होती, विकायला नव्हती. यमनाप्पांनी सगळ्या अटी मोठ्यानं वाचायला लावल्या. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. मधे मधे ते वहीत प्रश्न लिहून घेत होते. असे अकरा प्रश्न झाले. नववा प्रश्न असा: नाव कापून कुणी विकलं तर कोण येणार, पोलीस की तुम्ही? भाग्यलक्ष्मीनं अकराही प्रश्न पाठओसरीला मेलनं पाठवले. चार दिवसांनी सातांची उत्तरं आली. नवव्याचं उत्तर होतं की तक्रार आल्यास आम्ही संबंधिताला कळवू. यमनाप्पांनी ‘कळवू’ या शब्दाखाली दोन रेघा ओढल्या.

तरीही त्यांनी तीन ग्राफ दिले. प्रत्येक चोवीस बाय चोवीसचा, म्हणजे पाचशे शहात्तर घरांचा. पानांची जोडी, कळस आणि रुद्राक्ष. तिन्ही स्वतःच्या हौसेनं काढलेले, कुठल्या मागमालकासाठी नव्हे. भाग्यलक्ष्मीनं पानांवरून आरशातली प्रतिमा, कळसावरून अपूर्णांक आणि रुद्राक्षावरून क्षेत्रफळ असे तीन पाठ बांधले. पाठाखाली ‘ग्राफ: यमनाप्पा बसाप्पा कामकर, वडगाव’ असं टाकलं. पंचवीस नोव्हेंबरला ते पाठओसरीवर चढले. एवढं चौकशीसत्र झाल्यावर सासऱ्यांनी ग्राफ सहज कसे दिले याचं तिला तेव्हा आश्चर्य वाटलं नाही. वाटायला हवं होतं, असं ती आता म्हणते.

चार डिसेंबरला पहिल्या पाठाखाली अभिप्राय आला. लिहिणाऱ्या मालुबाई, निपाणीजवळच्या एका हायस्कुलात गणित शिकवतात. मजकूर असा होता: “ओळ सतरा, घर नऊ. मधल्या रेषेवर घडी घातली तर पलीकडचं सोळावं घर भरलेलं आहे आणि अलीकडचं नववं रिकामं. प्रतिमा जुळत नाही. चूक माझ्या मुलांनी शोधली. पाठ करणाऱ्यांनी आधी एकदा स्वतः मोजलं असतं तर बरं झालं असतं.” त्याखाली पाठओसरीचा शेरा होता: दुरुस्तीसाठी परत, मुदत पंधरा डिसेंबर, त्यानंतर पाठ काढण्यात येईल.

भाग्यलक्ष्मीनं स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून तीनदा मोजलं. मग ती बाहेर आली.

“आप्पा, पयल्या ग्राफात एक घर चुकलंय.”

यमनाप्पांनी कुठलं ते विचारलं नाही. “कुणाला गावलं?” त्यांनी विचारलं.

भाग्यलक्ष्मीनं कागद फळीवर ठेवला. “म्हंजे तुमाला ठावं हुतं.”

“कोण, कुठल्या गावचं? त्येच्या घरात माग हाय काय?”

“मास्तरीन हाय ती. गणिताची.”

“मास्तरणीच्या नवऱ्याचा असंल.”

“निपाणीकडं तंबाखू असतोय आप्पा, माग कुठला?”

“तू मास्तरीनच हाईस न्हवं? आलीसच की मागाच्या घरात.”

भाग्यलक्ष्मी जास्तच चिडली. “पोरांसाठी दिलेल्या कागदात चोरघर ठेवलासा? माझ्या वर्गात चोर बसत्यात व्हय?”

“तुझ्या वर्गाचं म्हणत न्हाय मी. जगातलं कोणबी उतरवून घील, असं तूच म्हणालीस. त्या जगाचं म्हणतोय.”

“बाकीच्या दोनात?”

“हाय.”

“कुठं?”

“ज्येला चोरायचंय त्येनं हुडकावं.”

कळसातलं चोरघर शोधायला भाग्यलक्ष्मीला तीन दिवस लागले. रुद्राक्षातलं सापडलं नाही. त्या पाठात भरलेली घरं मोजायची होती. तिनं स्वतःच ती मोजून उत्तर दोनशे बारा दिलं होतं आणि मोजणी बरोबरच होती. चुकलेलं घर रिकामं होतं आणि तिनं ते रिकामंच धरलं होतं.

या तीन दिवसांत शनिवारी शामू आला. शेजारच्या सहा मागांचा मालक, यमनाप्पांकडून गेली अकरा वर्षं ग्राफ घेणारा.

“आप्पा, तुमी ग्राफ मोबाईलवर टाकलासा म्हणं. माझा काठ टाकलासा काय?”

“न्हाय.”

“बघू.”

त्यानं तिन्ही पाठ बोटांनी मोठे करून बघितले. “हा रुद्राक्ष माझ्यागत दिसतोय.”

“रुद्राक्ष रुद्राक्षागतच दिसणार. का भोपळ्यागत दिसावा?”

“ते खरं. पर माझा एक जरी हितं दिसला, तर म्होरला ग्राफ संगणकवाल्याकडनं घेतो. आदीच सांगून ठेवतोय.”

“आणि त्यो संगणकवाला तुझा काठ चार जणांना दील तवा?”

“त्येला विचारीन की,” शामू म्हणाला. “तुमाला विचारतोय तसं.”

तो गेल्यावर यमनाप्पांनी भाग्यलक्ष्मीला हिशेब सांगितला. चोरघर काढलं तर ग्राफ उघडा पडतो. उद्या तो कुठल्या साडीवर दिसला तर आपला म्हणून सांगता येणार नाही. चोरघर ठेवलं तर पाठ जातो. त्यांना पाठ गेलेला चालणार होता. भाग्यलक्ष्मीला चालणार नव्हता, कारण चुकीखाली तिचंही नाव होतं. ती म्हणाली, निर्णय घ्यायच्या आधी त्या बाईंशी एकदा बोला. यमनाप्पा लगेच तयार झाले. त्यांना मागाचं विचारायचंच होतं.

रविवारी सकाळी दहाला तिनं फोन लावून स्पीकर सुरू केला.

“मालुबाई काय? मी वडगावचा यमनाप्पा.”

“व्हय, मीच. म्हंजे तुमी खरंच हाईसा?”

“म्हंजे?”

“मला वाटलं, कुठल्या तरी कंपनीनं कॉम्प्युटरवर काढून खाली एका म्हाताऱ्याचं नाव घातलंय. असलं लई चाललंय आता.”

“म्हातारा म्हणून कुणी सांगितलं?”

“नावावरनं वाटलं.”

भाग्यलक्ष्मी हसली. यमनाप्पांनी तिच्याकडे बघितलं नाही. “तुमच्या घरात माग हाय काय?”

“दोन म्हशी हायत. माग कशाला?”

“पाव्हण्यांत कुणाचा?”

“अवो, चौकशीला फोन केलासा का दुरुस्तीला?” मालुबाईंचा आवाज चढला. “आणि ते घर तुमी मुद्दाम ठेवलासा.”

“कशावरनं?”

“पाचशे पंच्याहत्तर घरं बरोबर. एकाचीबी रेघ भायर न्हाय. आणि चुकतंय ते एकच. सव्वीस वर्षं वह्या तपासतीया मी. पोरं चुकत्यात तवा पाच-सात ठिकाणी चुकत्यात. एकाच जागी चुकणारा माणूस मला अजून भेटला न्हाय. का ठेवलासा?”

यमनाप्पांनी मालुबाईंना चोरघर म्हणजे काय ते सांगितलं. सुनेला लग्नानंतर चार वर्षांनी सांगितलं होतं, या बाईला फोनच्या तिसऱ्या मिनिटाला.

“मग मीच चोर झाले की,” मालुबाई म्हणाल्या. “एकेचाळीस वह्यांत उतरवलाय तुमचा ग्राफ.”

“चुकीसकट?”

“दुरुस्त करून. आणि खाली तुमचं नाव लिव्हायला लावलंय, गावासकट. तुमच्या अटीत तसं हाय न्हवं?”

पलीकडे म्हशीचा आवाज आला.

“फोटू धाडा,” यमनाप्पा म्हणाले.

“कसले?”

“वह्यांचे. सगळ्या एकेचाळीस.”

“इश्वास न्हाय व्हय?”

“न्हाय.”

“माझाबी नव्हता,” मालुबाई म्हणाल्या. “वह्या तपासायला घरातच आणल्यात. दुपारपतूर धाडते.”

तीन वाजता फोटो आले. यमनाप्पांनी सुनेचा मोबाईल फळीवर आडवा ठेवला आणि वरून भिंग धरलं. रविवारी शामूचे माग बंद असतात. साडेपाचपर्यंत ते उठले नाहीत. चौदा वह्यांत त्यांना चुका सापडल्या. त्यांनी वहीत फोटोचा क्रमांक, ओळ आणि घर असं मांडलं. सहाव्या फोटोतल्या मुलीनं अकरावी ओळ गाळली होती आणि शेवटी एक ओळ जास्त भरून चोवीसची बेरीज जमवली होती. “ही उद्या हिशोबात घोळ घालणार,” ते म्हणाले. एकोणचाळीस पानांच्या खाली त्यांचं नाव होतं. दोन पानांच्या खाली नव्हतं.

“ही दोन कुणाची?” त्यांनी विचारलं.

भाग्यलक्ष्मीनं निरोप धाडला. मालुबाईंचं उत्तर आलं: एक मुलगा शुक्रवारी तास अर्धा सोडून घरी गेला, दुसरा विसरला, सोमवारी दोघं लिहितील. यमनाप्पांनी वहीत त्या दोन फोटोंपुढे सोमवार असं लिहून ठेवलं.

मग त्यांनी तिन्ही मूळ ग्राफ मागितले आणि स्केचपेन काढलं. पानांच्या ग्राफात सतराव्या ओळीचं नववं घर भरलं. कळसात सहाव्या ओळीचं विसावं. रुद्राक्षात विसाव्या ओळीचं चौथं. ते भरल्यावर भाग्यलक्ष्मीनं आपल्या उत्तरात दोनशे बाराचे दोनशे तेरा केले.

त्यानंतर यमनाप्पांनी तिन्ही कागदांच्या खालच्या पट्टीवर स्वतःच्या हातानं नाव आणि गाव लिहिलं. ग्राफवर त्यांनी नाव लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

“हे कशाला? पाठाखाली टाकलंय की मी,” भाग्यलक्ष्मी म्हणाली.

“तू टाकलंयस. घर बुजवायचं तर त्येच्या जागी माझं कायतरी पायजे न्हवं?”

“आणि कुणी खालची पट्टी कापून उतरवलं तर?”

“तेच मी तुला विचारणार हुतो.”

तिनं पाठओसरीवरची नोंद दाखवली. पाठ पहिल्यांदा कधी चढला, कुणी उतरवून बदलला, बदललेला कुठं आहे, सगळं तारखेनं दिसत होतं. मालुबाईंची दुरुस्त प्रतही तिथं होती, मूळ नावासकट. यमनाप्पांनी पंचवीस नोव्हेंबर ही तारीख आपल्या वहीत उतरवली आणि पुढे भाग्यलक्ष्मीची सही घेतली. पाठओसरीच्या एकट्या नोंदीवर त्यांचा भरवसा नाही.

संध्याकाळी शामूनं दारातूनच विचारलं, “आप्पा, ऐकलं ते खरं काय? ते घर काढलासा म्हणं.”

“पोरांच्या कागदातनं काढलं.”

“माझ्या ग्राफात हाय न्हवं?”

“हाय.”

“कुठं?”

“पत्ते पाडताना सांगतो.”

शामू समाधानानं गेला.

आज फळीवर आहे तो चौथा ग्राफ मालुबाईंनी मागितलेला आहे. त्यांना फक्त डावी बाजू हवी, उजवी मुलं भरतील. यमनाप्पांनी कबूल केलं ते त्यांच्या हिशेबानं: अर्धा ग्राफ चोरून कुणाच्या काही उपयोगाचा नाही. सहा वाजता पाचवी ओळ भरताना त्यांचा हात थांबला. दोन्ही बाजू सारख्या असलेल्या काठाला अर्धाच ग्राफ पुरतो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी भिंग खाली ठेवलं, खालच्या पट्टीत नाव आणि गाव लिहून टाकलं आणि सहाव्या ओळीला सुरुवात केली. साडेसहाला शेजारचे माग सुरू झाले तेव्हा अकरा ओळी झाल्या होत्या. तेरा राहिल्या.

उद्या मंगळवार. मालुबाईंचा आठवीचा गणिताचा तास अकरा वाजून दहा मिनिटांनी आहे. वेळ यमनाप्पांनी विचारून घेतली आणि वहीत लिहिली. भाग्यलक्ष्मी पावणेनऊला शाळेला निघते, त्याआधी तिला ग्राफ पाठओसरीवर चढवायचा आहे. शामूचे माग उद्याही साडेसहाला सुरू होतील, म्हणून यमनाप्पा पाच चाळीसला बसतील.